पाहुण्यासाठी कापलेले कोंबडे

वणीच्या बाजारात गेणू थेटे कोण असं विचारलं तर दहातले आठ जण खांदे उडवतील. पण कोंबडीवाला गेणू म्हटलं की चहाच्या टपरीवरचा माणूसही लगेच बोट दाखवील. खिशाला दोन पेनं, मनगटावर सैल पट्ट्याचं घड्याळ आणि बोलण्यात कायम गुरुजींचा सूर. राजकारण, पाऊस, द्राक्षाचा भाव यांवर तो दुसऱ्याचं ऐकून घ्यायचा. कोंबडीच्या विषयात मात्र त्याला कुणी मध्ये बोललेलं खपत नसे.

ही अक्कल त्याला आली कुठून? दिंडोरी रस्त्यावरच्या एका पोल्ट्रीच्या शेडमध्ये. दहावीला दोनदा आपटल्यावर वडिलांनी त्याला टोमॅटोच्या वाफ्यात उभं करायचं ठरवलं होतं. गेणूने त्याऐवजी शेड धरली. ते साल असेल नव्वद-एक्क्याण्णव. मुठीत मावणारी पिवळी पिल्लं पेटीतून यायची आणि दीड महिन्यात हातात न पेलणारे पांढरे पक्षी होऊन ट्रकमध्ये चढायची. सव्वादोन किलो खाद्य घातलं की एक किलो मांस तयार होतं, हा हिशेब त्याला तिथे कळला आणि तो त्या हिशेबाच्या प्रेमातच पडला. जगातली प्रत्येक गोष्ट तो याच मापाने मोजू लागला. सासरी गेला तर मेहुणा किती जेवतो आणि त्याच्या अंगाला किती लागतं यावर बोलायचा. त्याची बायको कुसाबाई म्हणायची, बरं झालं माझ्या बापाने लग्नाआधी मला तराजूवर नाही चढवलं.

सत्त्याण्णव साली नाशिकच्या एका संस्थेने सुरगाण्याकडच्या पाड्यांवर एक योजना काढली. पाड्यावरच्या कोंबड्या खुज्या, त्यांची जात सुधारायची. त्यासाठी घरोघरचे गावठी कोंबडे काढून टाकायचे आणि त्या जागी संस्थेचे मोठे, तांबडे, वजनदार कोंबडे सोडायचे. माद्या त्यांच्याच, नर आपला, म्हणजे पुढची पिल्लं आपोआप मोठी. कागदावर हे फारच सोपं दिसत होतं. कोंबडी कळणारा आणि पाड्यांवर फिरू शकणारा माणूस हवा होता. गेणूला नोकरी मिळाली, फिरायला एम-एटी गाडी मिळाली आणि आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याला साहेब म्हणू लागले.

मोहपाडा म्हणजे बावीस घरं. पाड्याचं बोलणं चालायचं ते भागीबाईच्या ओट्यावर. भागीबाई तेव्हा पन्नाशीची होती. नवरा मंगळू तिच्याहून शांत, विडी ओढत ऐकणारा. पहिल्या दिवशी गेणूने तिच्या अंगणातल्या कोंबड्या पाहिल्या आणि तो हसलाच. काळ्या पायांच्या, आवळ अंगाच्या, रात्री आंब्याच्या फांदीवर चढून झोपणाऱ्या. सहा-सात महिने वाढवल्यावर कोंबडा जेमतेम सव्वा किलोचा. तो म्हणाला, मावशी, हे पाखरू आहे, याला कोंबडी कशाला म्हणता.

भागीबाई हसली नाही. तिने त्याला आपली रीत सांगितली, कारण तो विचारायला आलाय असं तिला वाटलं. मोठ्या कोंबड्यांना सकाळी मूठभर नागली आणि वरईचा कोंडा, बाकीचं त्यांचं त्या रानात शोधतात. पिल्लांसाठी मात्र तिचं खास काम असे. फुटक्या मडक्यात शेण आणि काडीकचरा भरायचा, ते वारुळापाशी उपडं ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी उचलून आणायचं. मडकं वाळवीने भरलेलं असायचं. अंगणात झटकलं की पिल्लं तुटून पडायची आणि पंधरा दिवसांत त्यांच्या पंखांना चकाकी यायची. गेणूने मान डोलावली. वहीत त्याने लिहिलं, खाद्य पद्धत मागास.

कुठला कोंबडा वाणाला, म्हणजे पैदाशीला, ठेवायचा हेही तीच ठरवायची, आणि तिचं माप गेणूच्या तराजूत बसणारं नव्हतं. थोराड कोंबडा ती ठेवत नसे. दाणा सापडल्यावर जो आधी माद्यांना हाक मारतो आणि मग स्वतः चोच घालतो, घार दिसली की जो पहिला ओरडतो, तो ठेवायचा. आधी आपलं पोट भरणारा असेल तो पाहुण्याला. गेणूने हे ऐकून वही मिटली होती. हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

त्याच्याकडच्या छापील तक्त्यात एक रकाना होता, गावठी नर शिल्लक किती. तिथे शून्य आल्याशिवाय संस्था नवे कोंबडे सोडणार नव्हती. गेणूने ओट्यावर बसून सगळ्यांना समजावलं, की जुना एक जरी राहिला तरी तो पुन्हा आपलंच रक्त मिसळणार, सगळी मेहनत पाण्यात जाणार. अडचण अशी होती की वाणाचा कोंबडा तिथे कुणी बाजारात विकत नाही. घराची बरकत त्याच्या मागे जाते म्हणतात. घरच्या माणसांसाठीही तो कापत नाहीत. तो कापायचा तर देवाला, नाहीतर पाहुण्याला. दोन दिवस त्यांनी आपसात विचार केला आणि मग मंगळूने येऊन सांगितलं, की कोंबडे जायलाच हवेत तर ते रीतीने जातील. सायेब पाहुणे आहेत. सायेब ज्या दिवशी ज्या घरी येतील, त्या दिवशी त्या घरचा कापायचा.

आणि गेणूने ते कबूल केलं. कबूल काय, त्याला आनंदच झाला. आठवड्यातून एकदा तो मोहपाड्यावर जायचा आणि एकदा गेला की एका घरी जेवायचा. पुढे पुढे दोनदा जाऊ लागला. घराघरातला कोंबडा चुलीवर चढायचा, पाड्यातली चार म्हातारी माणसं पंगतीला असायची, पण काळीज आणि तंगडी साहेबाच्या ताटात. त्या रश्श्याला मसाला म्हणाल तर मिरची, लसूण आणि मीठ. पण चव अशी की गेणू घरी येऊन कुसाबाईला सांगायचा, आपण शेडमध्ये जे वाढवायचो ते मांस म्हणजे ओला कापूस गं, मोहपाड्याचा कोंबडा खाल्ल्यावर कळतं. हे तो स्वतःच्या तोंडाने सांगत होता आणि तरीही त्याच्या डोक्यात काही पेटलं नाही. सव्वा किलो म्हणजे सव्वा किलो, एवढंच तो धरून बसला.

सात महिन्यांत एकतीस कोंबडे संपले. शेवटचा राहिला भागीबाईचा. सोनेरी मानेचा, उजव्या पायाचं एक नख तुटलेला. तिने त्या दिवशी गेणूला ओट्यावर बसवलं आणि पहिल्यांदा काहीतरी मागितलं. म्हणाली, "सायेब, हा एक ठेवू का? लपवून नाय, तुमच्या कागदात लिहून ठेवू."

गेणू म्हणाला, नियम म्हणजे नियम. ती आत गेली. थोड्या वेळाने तिने परत येऊन तेच विचारलं आणि त्याने तेच उत्तर दिलं, जरा वैतागून. त्या दुपारी तो कोंबडा कापला गेला. गेणूने दोन वेळा रस्सा मागून घेतला आणि हात धुऊन तक्त्यात शून्य लिहिलं.

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही. संस्थेचे तांबडे कोंबडे आले, सोबत वर्षभर खाद्याची पोती आली. कोंबडे वाढले, फोटो निघाले. मग योजनेची मुदत संपली आणि पोती बंद झाली. नागलीच्या मुठीवर त्या जड अंगाचं भागेना, त्यांना रानात शोधायची सवय नव्हती. झाडावर त्यांना चढता येत नसे, ते जमिनीवर झोपायचे आणि मुंगूस सावकाश येऊन घेऊन जायचं. त्यांच्या लेकी अंडी द्यायच्या, पण अंड्यांवर बसायचं त्या विसरल्या होत्या. जुन्या माद्या म्हाताऱ्या होऊन मेल्या. एका उन्हाळ्यात मानमोडीची साथ आली आणि उरलंसुरलं झाडून गेलं.

गेणूला हे कळलं ते वणीच्या बाजारात, दोन हजार साली. नोकरी संपल्यावर तो परत शेडवर लागला होता. मंगळू खुरासणी विकायला आला होता. त्याने तक्रार केली नाही, पाऊसपाण्याची बातमी सांगावी तसं सांगितलं. गेणू पटकन म्हणाला, देखभाल कमी पडली असेल. बोलल्याबरोबर त्याला आपल्याच शब्दाची लाज वाटली, पण शब्द मागे घेण्याइतका तो मोठा नव्हता. त्या दिवसानंतर बाजारात मोहपाड्याचं कुणी दिसलं की गेणू कांद्याच्या गाड्यांमागून वळसा घालून जायचा. कोंबडीवाला गेणू, जो कुणालाही थांबवून दोन गोष्टी शिकवायचा, तो एका पाड्याला तोंड चुकवू लागला.

अशी चार वर्षं गेली आणि तृप्ती आली. नाशिक रोडची मुलगी, वडील नोटांच्या प्रेसमध्ये होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी वणीजवळ चार एकर घेतले आणि शेतीची पदवी घेतलेल्या लेकीने तिथे सेंद्रिय कोंबड्या वाढवायचं मनावर घेतलं. औषधाचं खाद्य नाही, पिंजरा नाही, फवारणी न केलेला मका, बाजरी, खुरासणीची पेंड, शेवग्याचा पाला आणि वर मोकळं रान. नाशिकची काही घरं असं मांस घ्यायला तयार होती. तिला अनुभवी माणूस हवा होता. गेणूने शेड सोडली. म्हणाला, जात कुठली आणायची ते माझ्यावर सोडा.

त्याने आणली तीच, आयुष्यभर पाहिलेली पांढरी. पाचशे पिल्लं. पहिले पंधरा दिवस सगळं छान दिसलं. मग पक्ष्यांची अंगं फुगू लागली आणि पाय तेवढे राहिले. मका आणि पेंड खाऊन त्यांना पिसं धड फुटेनात, एकमेकांची शेपटं टोचून खाऊ लागले. रानाचं फाटक दिवसभर उघडं असायचं, पण पाखरं खाद्याच्या भांड्यापासून वीस पावलं पुढे जायची नाहीत. भांड्याला टेकून बसून राहायची. चैत्राच्या उन्हात रोज आठ-दहा मरू लागली. गेणू त्यांना उचलून सावलीत ठेवायचा, ती पुन्हा भांड्यापाशी सरकायची.

तृप्तीने त्याला एका शब्दाने दुखावलं नाही. ती एवढंच म्हणाली, "गेणूकाका, खाद्य चुकलं नाही. या जातीला हे खाद्य पुरत नाही. आपल्याला या खाद्यावर जगणारी जात हवी. हळू वाढली तरी चालेल, पण स्वतः चरणारी, झाडावर चढणारी. तुम्ही सुरगाण्याकडे होतात ना? तिकडे पाहिली होती का अशी?"

गेणू खाली बसून एका मेलेल्या पक्ष्याच्या पायाची गाठ बोटांनी चाचपत होता. त्याने मान वर केली नाही. म्हणाला, तिकडं काय खास नव्हतं, ताई. बारकी पाखरं होती.

दुपारी तो घरी जेवायला गेला आणि न राहवून कुसाबाईला सगळं बोलून गेला. ती भाकरी थापत होती. तिने हात थांबवला आणि विचारलं, मग त्या मोहपाड्याच्या कोंबड्याचं तुम्ही इतकं काय सांगत होता, बोटं चाटत? गेणूने ताट सरकवलं. तिला भांडायचं नव्हतं, तिने नुसतं विचारलं होतं. पण त्याला ते सोसलं नाही. तो उठून पडवीत बसला आणि बायकोच्या नजरेला नजर द्यायचं टाळत राहिला.

खोटं फार दिवस टिकलं नाही. बाजारातल्या एका जुन्या व्यापाऱ्याने तृप्तीला सांगितलं, की दहा वर्षांमागे वरच्या पाड्यांवरून काळ्या पायाची जी पिलावळ यायची ती सगळ्यात उत्तम, आणि त्यातही मोहपाड्याची. तृप्तीने लगेच मारुती व्हॅन काढली. गेणूने गुडघा दुखतो म्हणून पाहिलं, पुतण्याचं लग्न जवळ आलंय म्हणून पाहिलं. ती म्हणाली, काका, तुमची ओळख आहे तिथे, तुमच्याशिवाय कोण बोलणार माझ्याशी? वाटेत सगळ्या घाटात तो खिडकीबाहेर बघत होता. मोहपाड्याचा रस्ता तेवढ्या वर्षांत वाहून गेलेला असावा, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

रस्ता शाबूत होता. भागीबाईचं अंगणही होतं, शेणाने सारवलेलं, स्वच्छ. इतकं स्वच्छ, की तिथे कोंबड्यांच्या पायाची एक रेघ नव्हती. भागीबाईचे केस पिकले होते. मंगळूला आता नीट दिसत नव्हतं, पण आवाजावरून त्याने गेणूला ओळखलं आणि हातानेच ओट्यावर जागा दाखवली. भागीबाईने तांब्या भरून पाणी आणलं. "कोंबडीसायेब आले," ती आत सुनेला म्हणाली आणि गेणूला ते नाव कानात शिसं ओतल्यासारखं वाटलं.

तृप्तीने वही उघडली. काय खायला घालायचात, पिल्लं कशी वाढवायचात, कोंबडा कसा निवडायचात, ती विचारत गेली आणि भागीबाई सांगत गेली. नागली, वरईचा कोंडा, वाळवीचं मडकं, माद्यांना हाक मारणारा नर. सात वर्षांपूर्वी गेणूने याच ओट्यावर हेच ऐकलं होतं. तृप्ती मात्र एकेक वाक्य पुन्हा विचारून लिहून घेत होती. तिचे डोळे चमकत होते. शेवटी तिने विचारलं, "मावशी, मग ती कोंबडी गेली कुठे?"

गेणूने उंबऱ्याकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं. आता सांगावं लागणार, त्याला कळत होतं.

भागीबाईने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि ती तृप्तीला म्हणाली, "रानमांजर लागलं होतं त्या साली. एकेक करून नेले."

मंगळू खोकला, पण त्याने काही दुरुस्त केलं नाही. तृप्तीने ते लिहून घेतलं. गेणूला आधी हायसं वाटलं. सुटलो, असा शब्दच त्याच्या मनात उमटला. आणि दुसऱ्या क्षणी त्याला स्वतःची अशी काही किळस आली, की ओटा दुभंगला असता तर तो खुशाल आत गेला असता. ज्या बाईचं सगळं आपण खाऊन बसलो, ती आपल्याला झाकत होती. कारण पाहुण्याला परक्या माणसासमोर उघडं पाडायचं नाही, एवढी तिची रीत होती. मुलगी गाडीत बसली की हिला एकटीला गाठून माफी मागू, असं त्याने मनाशी ठरवलं. हेही त्याला सोयीचंच होतं.

जेवणाची वेळ झाली होती. न जेवता जाऊ देणं तिथे चालत नाही. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी. तृप्ती आवडीने जेवू लागली. गेणूने पहिला घास उचलला तेव्हा भागीबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती त्याच्या ताटाकडे बघत होती.

"सायेब, कोंबडा नाय वाढता आला," ती म्हणाली. "लय लाज वाटते. या घरातून तुम्ही असं कोरडं जेवून कधी गेला नाय."

गेणूने घास परत ताटात ठेवला. तिने टोमणा मारला असता तर तो सहन करता आला असता. पण तिचा चेहरा खरोखरच शरमेने उतरला होता, यजमानीण म्हणून आपण कमी पडलो असं तिला खरंच वाटत होतं. लाज तिला वाटत होती. मग तो तृप्तीकडे वळला.

"ताई, ती वही काढा," तो म्हणाला. "रानमांजर खोडा तिथलं. रानमांजर आलंच नव्हतं. मी सांगितलं म्हणून यांनी कोंबडे कापले, आणि सगळे मीच बसून खाल्ले. बत्तीस. शेवटचा याच दारात. मावशीने दोनदा मागितला होता तो माझ्याकडे. आणि तुम्ही विचारलं तेव्हा मी तुमच्याशीही खोटं बोललो."

तृप्ती त्याच्याकडे बघत राहिली. हातातली भाकरी तिने ताटात ठेवली, वहीला मात्र हात लावला नाही. मंगळूने आपली न दिसणारी नजर दुसरीकडे फिरवली. गेणूला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोलेल, शिव्या देईल, नाहीतर जाऊ द्या म्हणेल. भागीबाईने पुढे होऊन त्याच्या भाकरीवर वाटीभर आमटी ओतली.

"आधी जेवा," ती म्हणाली. "अर्ध्या ताटावरून उठायचं नाय."

गेणूने तुकडा मोडला. तो त्याने आमटीत बुडवून तोंडात घातला, आणि पाहुण्याचं जेवण होईपर्यंत भागीबाई काही दारातून हलली नाही.